अमेरिकन पूर्वज आणि इतिहासाची पुस्तकं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या मराठी घरांत आता अमेरिकन सुना आणि जावई आहेत. नातवंडांना शाळेतून वंशवृक्ष काढून आणायला सांगतात, आणि त्याची एक फांदी सांगली-साताऱ्याकडे जाते तर दुसरी ओहायो नाहीतर पेनसिल्व्हेनियाकडे. पहिल्या फांदीचं बघायला घरात आजी-आजोबा असतात. हे पान दुसऱ्या फांदीसाठी आहे. शेवटी एक-दोन प्रश्न मात्र असे आहेत की ते वाचून विदर्भ-खानदेशातल्या वाचकांनाही आपले पणजोबा आठवावेत.

नावं, तारखा, फोटो सगळं वंशावळीच्या वेबसाइटवर मिळतं. मग इतिहास कशाला वाचायचा?

एक उदाहरण घ्या. १९०० सालच्या अमेरिकन जनगणनेत लग्न झालेल्या प्रत्येक बाईला विचारलं होतं: तुम्हाला मुलं किती झाली, आणि त्यांतली हयात किती? तक्त्यात शेजारी-शेजारी दोन छोटे रकाने आहेत. ओहायोतल्या एखाद्या शेतकरी घराच्या ओळीत पहिल्या रकान्यात ९ आणि दुसऱ्यात ५ असं दिसतं. ही चार मुलं १८८०च्या जनगणनेनंतर जन्मून १९०० च्या आत गेली असतील, तर केंद्रीय जनगणनेत त्यांचं नाव कुठेच सापडणार नाही. मधली, म्हणजे १८९० ची, जनगणना १९२१ च्या जानेवारीत वॉशिंग्टनमध्ये वाणिज्य खात्याच्या इमारतीला लागलेल्या आगीत आणि ती विझवायला मारलेल्या पाण्यात खराब झाली. जे काही उरलं होतं तेही पुढे १९३०च्या दशकात रीतसर परवानगी घेऊन नष्ट केलं गेलं. राज्याच्या किंवा चर्चच्या दप्तरात नाव असलं तर असलं.

वेबसाइट इथे थांबते. त्या काळातल्या सार्वजनिक आरोग्यावरचं एखादं बरं पुस्तक इथून पुढे नेतं. घटसर्प, डांग्या खोकला, उन्हाळ्यात नासलेल्या दुधातून होणारे जुलाब. घटसर्पावरचं प्रतिविषाचं (अँटिटॉक्सिन) इंजेक्शन १८९०च्या दशकाच्या मध्यावर आलं खरं, पण ते आधी शहरातल्या इस्पितळांत. पिण्याच्या पाण्यात नियमित क्लोरीन घालायला अमेरिकेत पहिल्यांदा जर्सी सिटीने सुरुवात केली, तीही १९०८ मध्ये. एवढं वाचून पुन्हा ती ओळ बघितली की ९ आणि ५ या आकड्यांमधलं घर दिसायला लागतं: एकाच आठवड्यात दोन मुलं कशी गेली असतील, आणि धाकट्याला थोरल्याचंच नाव का ठेवलं असेल.

मग सुरुवात वॉशिंग्टन आणि लिंकनपासून करायची का?

नको. पेशवाईतल्या लढायांची वर्णनं वाचून आपल्या खापरपणजोबांना शेतसारा किती पडत होता ते कळत नाही, इथेही तेच. संपूर्ण देशाचा एखादा जाडजूड इतिहास संदर्भाला हाताशी ठेवा, पण वाचायला सुरुवात काउंटीपासून, म्हणजे राज्यातल्या जिल्ह्यापासून, करा. कागदावर तीन गोष्टी लिहा: जागा, काम, दशक. या तिन्ही गोष्टी ज्या पुस्तकात एकत्र येतात ते तुमचं पुस्तक.

समजा कागदावर असं आहे: लुझर्न काउंटी, पेनसिल्व्हेनिया, कोळशाची खाण, १८९०चं दशक. आता शोध सोपा झाला. अँथ्रासाइट कोळशाच्या खाणींवर भरपूर लेखन आहे. त्यातून कळतं की पोरं कोळसा फोडण्याच्या गिरणीत घसरणीवर ओणवी बसून कोळशातले दगड वेचत. कित्येक ठिकाणी घर कंपनीचं आणि दुकानही कंपनीचं, त्यामुळे पगार हातात पडायच्या आधीच वळता व्हायचा. खाणीत नवरा गेला की घर सोडायची पाळी यायची. मग जनगणनेत एखाद्या विधवेच्या नावाखाली आडनावं न जुळणारे पाच-सहा पुरुष 'बोर्डर' म्हणून का दिसतात, याचा उलगडा होतो: ती खाणावळ चालवून भाडं भरत होती. याच काउंटीत लॅटिमर इथे १० सप्टेंबर १८९७ रोजी संपावरच्या निःशस्त्र कामगारांवर शेरीफच्या (काउंटीच्या पोलीस प्रमुखाच्या) माणसांनी गोळ्या झाडल्या आणि किमान १९ जण मेले. बहुतेक पोलिश, स्लोव्हाक आणि लिथुएनियन होते. खटला झाला, आणि सगळे सुटले. सूनबाईंच्या घराण्यात कोणी त्या सुमारास अचानक खाण सोडून दुसऱ्या राज्यात गेलेलं दिसलं, तर ही तारीख जवळ ठेवून बघा.

काउंटीचे जुने जाडे ग्रंथ स्कॅन करून ठेवलेले सापडतात. त्यांवर विश्वास ठेवावा का?

अर्धा. १८७०-८०च्या दशकांत अशा ग्रंथांचं पेवच फुटलं होतं. कंपन्या गावोगाव माणसं पाठवून आगाऊ वर्गणी गोळा करत, आणि वर्गणी भरणाऱ्याचं चरित्र ग्रंथात यायचं, जास्त पैसे मोजले तर चित्रासकट. मजकूर बहुधा ज्याचा त्यानेच पुरवलेला. त्यामुळे या ग्रंथांत सगळे गृहस्थ सचोटीचे, कष्टाळू आणि गावात मान असलेले निघतात. कर्जबाजारी, दारुडा किंवा दावे लढवणारा एकही नाही.

पण पिठाची गिरणी कोणत्या ओढ्यावर होती, पूर कधी आला, रेल्वे कोणत्या गावाला वळसा घालून गेली आणि त्यामुळे ते गाव कसं बसलं, ही माहिती दुसरीकडे मिळत नाही. ती घ्या, चरित्रं मात्र पारखून घ्या. आणि काउंटीच्या सीमा तपासायला विसरू नका. १८२० पर्यंत मेन हा मॅसॅच्युसेट्सचाच भाग होता, वेस्ट व्हर्जिनिया १८६३ मध्ये व्हर्जिनियातून फुटून निघालं. घर जागचं हललं नाही तरी पत्ता बदलतो आणि कागद भलत्याच कचेरीत पडून राहतात.

"आमच्या पणजोबांना सरकारने फुकट जमीन दिली" असं जावयाच्या घरी सांगतात. हे खरं का?

बरंचसं खरं. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर जमीन मिळायची, थोडं शुल्क भरून. अट अशी की पाच वर्षं तिथे राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची. एकट्या बाईला, विधवेलाही अर्ज करता येत असे, आणि नागरिक व्हायचा इरादा नोंदवलेल्या परदेशी माणसालाही. सुमारे १६ लाख लोकांच्या नावावर अशा जमिनी झाल्या. बाकी कितीतरी जण पाच वर्षं पुरी व्हायच्या आत गाशा गुंडाळून परतले.

'फुकट' हा शब्द मात्र दोनदा तपासून घ्यावा. ती जमीन आधी लकोटा, शायान, पॉनी अशा मूळनिवासी लोकांची होती. तहाने, दबावाने किंवा लढाईने ती सरकारकडे आली. होमस्टेडवरची जुनी पुस्तकं हे एका परिच्छेदात उरकतात. त्यामुळे ज्या काउंटीत पणजोबा स्थिरावले, तिथे आधी कोण राहत होतं आणि ते कुठे हलवले गेले, यावरचं एक पुस्तक जोडीला ठेवा. दोन्ही शेजारी-शेजारी वाचली तरच चित्र पुरं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता कागद. जमीन नावावर करून घेताना दिलेला शेवटचा पुरावा राष्ट्रीय अभिलेखागारात मिळतो, आणि माझ्या मते वंशावळीतला तो सगळ्यात वाचनीय दस्तऐवज. घर किती फूट बाय किती फूट, विहीर आहे का, किती एकर नांगरले, काय पेरलं, मधे कोणी किती महिने गैरहजर होतं आणि का. खाली दोन शेजाऱ्यांची साक्ष. परदेशातून आलेला असेल तर नागरिकत्वाचे कागदही त्याच पुडक्यात.

पुढची गोष्ट पुस्तकांत. मैदानी प्रदेशात जसजसं पश्चिमेला जावं तसा पाऊस कमी, आणि शंभराव्या रेखावृत्ताच्या पलीकडे १६० एकरांत कुटुंबाचं भागणं कठीण. तरी 'नांगराच्या मागोमाग पाऊस येतो' असं तेव्हा गंभीरपणे सांगितलं जायचं, आणि रेल्वे कंपन्यांना जमिनी विकायच्या होत्या. पहिल्या महायुद्धात गव्हाचा भाव चढला, गवताळ रान नांगरलं गेलं. मग भाव कोसळले, १९३०च्या दशकात दुष्काळ पडला आणि माती उडायला लागली. १४ एप्रिल १९३५ च्या धुळीच्या वादळाला तिकडे अजून 'काळा रविवार' म्हणतात.

इथे एक गफलत फार होते. ओक्लाहोमातून कॅलिफोर्नियाला गेलेले सगळे धुळीमुळे गेले असं घराघरांत सांगतात. प्रत्यक्षात जाणाऱ्यांतले पुष्कळ जण धूळपट्ट्यातले नव्हतेच. ते कापूस पिकवणारे कूळ-शेतकरी होते. १९३३ पासून सरकार पेरा कमी करण्यासाठी जमीनमालकांना पैसे देऊ लागलं, मालकांनी कुळं काढली, त्या पैशातून ट्रॅक्टर आले. तुमचे कोणत्या गटातले, हे काउंटीवरून ठरतं. १९४० च्या जनगणनेत '१ एप्रिल १९३५ रोजी कुठे राहत होता' असा एक रकाना आहे. तो आधी बघा.

एलिस बेटावरच्या कारकुनाने आमचं आडनाव बदललं म्हणे.

नाही. एलिस बेट म्हणजे न्यूयॉर्क बंदरातला, बाहेरून येणाऱ्यांचा तपासणी नाका. तिथले कारकून नवी नावं लिहीत नव्हते. युरोपातल्या बंदरात जहाज कंपनीने केलेली यादी समोर ठेवून खुणा करत होते, आणि भाषा जाणणारे दुभाषे हजर असत. आडनावं लोकांनी नंतर स्वतःच बदलली: नोकरीसाठी, शाळेतल्या चिडवण्यामुळे, कधी नुसत्या सोयीसाठी. आणि पूर्वज १८९२ च्या आधी आले असतील तर एलिस बेट उघडलंच नव्हतं. न्यूयॉर्कला १८५५ पासून कॅसल गार्डन हा आधीचा नाका होता.

जावई आफ्रिकन-अमेरिकन आहेत. १८७० च्या मागे काहीच सापडत नाही.

ही भिंत बहुतेकांना लागते. १८७० ची जनगणना ही गुलामीतून सुटलेल्या बहुतेकांची नावानिशी पहिली. १८५० आणि १८६० मध्ये गुलामांचे वेगळे तक्ते होते, पण त्यांत नाव मालकाचं. माणसांचं फक्त वय, लिंग आणि रंग. 'स्त्री, ३०, काळी.' पुढची ओळ: 'मुलगा, ८.' एवढंच.

म्हणून इथे पुस्तकांवर जास्त भिस्त ठेवावी लागते. मालकाच्या घराण्याचा इतिहास, त्याचं मृत्युपत्र, मालमत्तेची वाटणी यांतून माणसं सापडतात, कारण कायद्याने ती मालमत्ता होती. अमेरिकन यादवीच्या (उत्तर-दक्षिण युद्धाच्या) अखेरीस, गुलामीतून सुटलेल्यांसाठी निघालेल्या फ्रीडमन्स बँकेच्या नोंदवह्याही बघा. बँक १८७४ मध्ये बुडाली आणि गरिबांच्या ठेवी गेल्या, पण खातं उघडताना आई-वडील, भावंडं, आधीचा मालक असं बरंच विचारून लिहिलं होतं. १९३६ ते १९३८ या काळात सरकारी योजनेखाली गुलामीत जन्मलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या दोन हजारांहून जास्त मुलाखती घेतल्या गेल्या, त्याही वाचाव्यात. मात्र विचारणारे बहुतेक गोरे, काळ मंदीचा, आणि पुष्कळांना वाटत होतं की हा माणूस पेन्शन मिळवून देईल. अशा वेळी कोण काय सांगेल आणि काय गिळेल, हे मनात ठेवून वाचा.

आणि पुस्तकाचं प्रकाशन-वर्ष बघितल्याशिवाय पान उलटू नका. यादवीनंतरच्या पुनर्रचनेच्या काळावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलंबिया विद्यापीठातल्या डनिंग यांच्या शिष्यपरंपरेने जे लिहिलं, त्यात काळ्या मतदारांना सरळसरळ अडाणी आणि लाचखाऊ ठरवलं होतं, आणि शाळांच्या पुस्तकांत ते कितीतरी वर्षं शिकवलं गेलं. डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांनी १९३५ मध्ये त्याला सज्जड उत्तर दिलं, पण विद्यापीठांनी ते मनावर घ्यायला आणखी काही दशकं लागली. पणजोबांनी १८६८ मध्ये मत दिलं असेल तर जुन्या पुस्तकात ते बदनामीच्या यादीत सापडतील.

बायकांबद्दल पुस्तकांत काही नसतंच का?

असतं, पण ते ज्या कागदांत आहे ते फार दिवस कोणी वाचले नव्हते. मेन राज्यातल्या हॅलोवेल गावची सुईण मार्था बॅलार्ड १७८५ ते १८१२ रोज डायरी लिहीत होती. हवा कशी होती, कोणाकडे बाळंतपण, किती पैसे मिळाले, किती सूत काढलं. ८१६ बाळंतपणं तिने केली. आधीच्या अभ्यासकांनी 'किरकोळ' म्हणून ती बाजूला ठेवली. १९९० मध्ये तिच्यावर आख्खं पुस्तक आलं आणि त्याला पुलित्झर मिळालं. तुमच्या पणजीच्या काळातल्या, तिच्याच भागातल्या कोणा बाईची डायरी किंवा पत्रं छापली गेली असतील, तर दहा चरित्रांपेक्षा ती आधी वाचा.

कायदाही बघावा. १९०७ पासून परदेशी माणसाशी लग्न करणारी अमेरिकन बाई आपलं नागरिकत्व गमावत असे. १९२२ मध्ये हे बऱ्याच जणींपुरतं सुधारलं, पण नवरा कायद्याने नागरिक होऊच शकत नसेल तर नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९२३ च्या भगतसिंग थिंड निकालाने भारतीयांना नेमकं त्याच गटात टाकलं. हे १९३१ पर्यंत चाललं.

१९६५ च्या आधी मराठी माणसं अमेरिकेत होती का?

मोजकी, आणि बहुतेक शिकायला आलेली. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे शेतीशास्त्र शिकायला आले, गदर चळवळीत गेले आणि पुढे मेक्सिकोत प्राध्यापक झाले. विष्णू गणेश पिंगळे अमेरिकेतून गदरसाठी परतले आणि १९१५ मध्ये लाहोरला फाशी गेले. डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ कोलंबियात होते.

जनगणनेत शोधताना एक लक्षात ठेवा: १९२० ते १९४० या तीन जनगणनांत भारतीयांचा वंश 'हिंदू' असा लिहिला आहे, मग तो कॅलिफोर्नियातला शीख शेतकरी का असेना. इंपीरियल व्हॅलीत अशा कितीतरी पंजाबी पुरुषांनी मेक्सिकन बायकांशी संसार थाटले. ती घराणी आजही आहेत. नागरिकत्व १९४६ मध्ये खुलं झालं, पण नव्याने येणाऱ्यांसाठी वर्षाला शंभर जणांचाच कोटा होता. आजच्या बहुतेक मराठी घरांची अमेरिकन कथा १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतरची.

सूनबाईंचे पूर्वज मिशनरी होते, नगरला राहिलेले. त्यांच्यासाठी कोणता अमेरिकन इतिहास वाचू?

निम्मा अमेरिकन, निम्मा मराठी, आणि मराठी अर्धा तुम्हालाच वाचून दाखवावा लागेल. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले. १८३१ पासून नगर हे मोठं केंद्र झालं. मुलींच्या शाळा चालवणाऱ्या सिंथिया फरार तिथेच होत्या, आणि 'ज्ञानोदय' १८४२ मध्ये नगरलाच सुरू झालं. मिशनचे मूळ कागद हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. पण ते बॉस्टनला पाठवलेले अहवाल: किती शाळा, किती बाप्तिस्मे, किती खर्च. हीच साहेब मंडळी शेजारच्यांना कशी दिसत होती, ते लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त आहे. डॉ. ह्यूमांसारखी माणसं तिथे घरातल्या माणसांसारखी वावरतात. अमेरिकन नातेवाइकांपुढे ती पानं उलगडून ठेवलीत तर त्यांना त्यांच्याच पणजोबांची नवी ओळख होईल.

आमचे पूर्वज वऱ्हाडात कापूस पिकवत. अमेरिकेशी काहीच संबंध नाही. हे पान आमच्यासाठी आहे का?

आहे. एप्रिल १८६१ मध्ये लिंकनने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. वऱ्हाड-खानदेशात पेरा वाढला, सावकार सढळ हाताने कर्ज देऊ लागले, मुंबईत बॅक बेच्या शेअरसाठी झुंबड उडाली. १८६५ च्या वसंतात तिकडे लढाई संपली आणि १ जुलैला मुंबईचा बाजार बसला. भाव उतरले तरी कर्जाचे कागद राहिले. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, तेव्हा चौकशी करणाऱ्या आयोगानेही मागच्या कारणांत या अमेरिकन लढाईच्या तेजी-मंदीची नोंद घेतली. घरात १८६३-६४ चं एखादं गहाणखत असेल, तर त्याच्याबरोबर अमेरिकन यादवीच्या नाकेबंदीवरचं प्रकरण वाचा.

एकाच माणसाच्या जन्माची दोन वर्षं दिसतात. चूक कोणाची?

१७५२ च्या आधीची तारीख असेल तर बहुधा कोणाचीच नाही. तोवर इंग्रजी वसाहतींत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असे, म्हणून फेब्रुवारीतली तारीख १७३१/३२ अशी जोडवर्षात लिहिली जाई. त्यानंतरची असेल तर सरळ चूक समजा.

ही पुस्तकं मिळतात कुठे, आणि किती खर्च येतो?

बराचसा भाग फुकट. ९५ वर्षांहून जुनी अमेरिकन पुस्तकं स्वामित्व हक्काबाहेर असतात, त्यामुळे काउंटीचे ग्रंथ इंटरनेट आर्काइव्हवर आणि हाथीट्रस्टवर मिळतात. भारतातून उघडताना हाथीट्रस्टवरची काही बंद दिसतात. जुनी वर्तमानपत्रं लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या क्रॉनिकलिंग अमेरिकावर. त्याच ग्रंथालयाचे सॅनबॉर्न विमा-नकाशे जरूर बघा: विटांची घरं गुलाबी, लाकडी पिवळी. पणजोबांचा पत्ता माहीत असेल तर शेजारी तबेला होता की भट्टी, तेही कळतं. नवी पुस्तकं गावच्या लायब्ररीत नसली तर सांगा, दुसऱ्या लायब्ररीतून मागवून देतात.

आणि काउंटीच्या ऐतिहासिक सोसायटीला फोन करा. तिथे बहुधा निवृत्त स्वयंसेवक असतात, आठवड्यातले थोडेच तास उघडं असतं आणि ईमेल साचून राहतात. 'आमच्या घराण्याची माहिती द्या' असं मोघम विचारू नका. '१८९५ च्या सुमारास अमुक खाणीत काम करणारे स्लोव्हाक लोक कोणत्या चर्चमध्ये जात, आणि त्या चर्चची दप्तरं आता कोणाकडे आहेत?' असं विचारा.